पाच सायकली, एक पंप

सिंगापूरहून परत आल्यापासून आमच्या नाशिकच्या सायकलवाल्या कंपूत मला एकच प्रश्न विचारला जातोय: तुझा पंप कुठे गेला? प्रश्न रास्त आहे. आमच्या कंपूचा नियमच असा की आपलं आपण बघायचं. प्रत्येकाकडे आपला पंप, आपली ट्यूब, आपलं पाणी, आपला खाऊ. कुणाचं चाक पंक्चर झालं तर बाकीचे "येतेस ना मागून?" एवढं विचारून पुढे जातात आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. कसारा घाट मी अशीच एकटीने चढायला शिकले, तेही पन्नाशी उलटल्यावर. धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे जायचं ठरलं तेव्हा बॅगेत सगळ्यांत आधी माझा वीतभर लांबीचा पंप गेला, मग शेंगदाण्याचे लाडू, आणि उरलेल्या जागेत कपडे. आता पंप नाही तो नाही, पण का नाही हे चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. त्यात माझी चांगलीच शोभा झालेली आहे, म्हणून लिहूनच काढते.

तोआ पायोह

माधवी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. वीस वर्षांपासून सिंगापुरात आहे, बँकेत नोकरी करते. तोआ पायोह या जुन्या वस्तीत अकराव्या मजल्यावर तिचा फ्लॅट आहे. घरात ती, नवरा श्रीकांत आणि सोळा वर्षांची ईरा. माझे घाटातले फोटो बघून माधवीने चार वर्षांपूर्वी सायकल घेतली. मला याचा अभिमान वाटायला हवा होता. खरं सांगायचं तर मला आधी हसू आलं होतं. लहानपणी आमच्या घरात एकच सायकल होती. मी चालवायची आणि माधवी कॅरिअरवर बसायची, असा दहावीपर्यंतचा शिरस्ता. तिला शिकायची वेळच आली नाही, किंवा मी येऊ दिली नाही.

पहिल्या सकाळी माधवी मला आणि ईराला खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, घेऊन गेली. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून ती खुशाल रांगेत जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, कुणी बसलं तर? ती म्हणाली, पाकीट ठेवलंय ना. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे त्या रुमालाशी कुणी हुज्जत घालत नाही. नाश्त्याला नारळाच्या दुधातला गोड जॅम लावलेला पाव आणि दोन अर्धकच्ची अंडी आली. अंड्यांवर सोया सॉस आणि मिरपूड घालून ती सरळ बशीला तोंड लावून प्यायची. पहिल्या दिवशी मी ती ईराकडे सरकवली. चौथ्या दिवशी मी तिचीही खाल्ली.

येत्या रविवारी माधवीच्या सायकल-गटाबरोबर बेटाच्या उत्तरेकडून पूर्वेला वळसा घालून नव्वदेक किलोमीटर जायचं होतं. मला माधवीची जुनी सायकल मिळणार होती. ती दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, तुळशीच्या कुंडीशेजारी उभी होती. लख्ख धुतलेली, साखळीला तेल, टायरमध्ये हवा. पण दुसऱ्याने निगा राखलेल्या सायकलीवर मी बसत नाही. पॅसेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून मी कामाला लागले, आणि हँडलवर गुंडाळलेली पट्टी जरा मळकट वाटली म्हणून ती उलगडायला घेतली. आतून पांढरी भुकटी सांडली. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला जागोजागी खड्डे पडले होते, आणि एका ठिकाणी तर पेचकसाचं टोक आत गेलं.

माधवी कासावीस झाली. दर आठवड्याला धुते गं मी, असं दोनदा म्हणाली. मी तिला जरा जास्तच सावकाश समजावून सांगितलं की धुतलेलं वरून दिसतं. इथल्या दमट हवेत हातावरून ओघळलेला घाम पट्टीखाली मुरतो, वाळत नाही आणि मीठ धातू खात राहतं. ते हँडल भर रस्त्यात हातात आलं असतं.

ती मला तीन इमारतींपलीकडे अंकल टॅन यांच्याकडे घेऊन गेली. अंकल टॅन म्हणजे गटाचे संस्थापक. आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केल्या, आता अडुसष्टाव्या वर्षी सायकली करतात. त्यांनी ते हँडल उजेडात धरून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. कुठल्याशा खोक्यातून दुसरं हँडल काढून त्यांनी तासाभरात बसवून दिलं. तेव्हापासून ते मला "बिग सिस्टर" म्हणू लागले. मी एवढी फुगले की दोन दिवसांत गटातल्या सगळ्यांच्या पट्ट्या सोडून आतली हँडलं तपासली, कुणी सांगितलेलं नसताना. बाकीची ठणठणीत निघाली.

शनिवारी संध्याकाळी ईराने मला स्वयंपाकघरात गाठलं. उद्याच्या फेरीची म्होरकी माधवी होती. मागच्या वर्षी तिने पहिल्यांदा फेरी नेली तेव्हा एकजण मागे पडला, कंटाळून टॅक्सी करून घरी गेला आणि हिला ते परतल्यावर कळलं. त्यानंतर तिने पुढे राहण्याचं नावच काढलं नव्हतं. यंदा मी येणार म्हणून तिने धीर केला होता. गटाची रीत अशी की पाच जणांत पंप एकच, अंकल टॅनचा लाकडी मुठीचा जुना पंप, आणि तो म्होरक्याच्या सायकलीला बांधलेला असतो. फेरी संपली की अंकल तो परत घेतात. सगळे एकत्र परतले असतील तर ते तो पुन्हा म्होरक्याच्याच हातात देतात, म्हणजे पुढची फेरीही त्याची. मागच्या वर्षी त्यांनी तो काही न बोलता घरी नेला होता.

"मम्मा सुपर नर्व्हस आहे, मावशी," ईरा म्हणाली. "यू डोन्ट मेक इट वर्स, कॅन?"

मीही इथल्यासारखं "कॅन", म्हणजे जमेल, म्हटलं. पाच जणांत एक पंप म्हणजे शुद्ध वेडेपणा, असंही मनात म्हटलं आणि सकाळी सवयीने माझा पंप पाठीच्या खिशात टाकला.

मंडाई

सहाला निघालो तेव्हा उजाडायचं होतं. माधवी, मी, गटातली नर्स रोझलिन, पुण्याहून आलेला आयटीवाला निखिल, आणि सगळ्यांत मागे अंकल टॅन. इथे रस्त्यावर एका रांगेत पाचच सायकली चालतात, सहावी आली की दुसरी रांग करावी लागते. पाचांत मधे हातभर अंतर. पुढचा हाताने खूण करतो, ओरडून सांगतो, आणि ते शेवटच्यापर्यंत एकेकाने पोहोचवायचं. माधवीने "होल" अशी आरोळी दिली तेव्हा मी डोळे फाडफाडून बघितलं, पण मला काही दिसलं नाही. त्यांनी खड्डा म्हणून जे दाखवलं त्याला आमच्याकडे रस्ता म्हणतात. कुत्री नाहीत, म्हशी नाहीत, आणि समोर चिटपाखरू नसतानाही लाल दिव्यापाशी पाचही जण पाय टेकून उभे. मला तिथे नुसतं उभं राहणं घाटापेक्षा अवघड गेलं.

त्याहून अवघड होतं दुसऱ्याच्या पाठीमागे राहणं. पुढचा वारा कापतो आणि मागच्याला पाय हलके लागतात, हे मला माहीत होतं. पण आमच्या घरातलं वळण असं की दुसऱ्याच्या जिवावर काही करायचं नाही. त्यात पुढे धाकटी बहीण. तिच्या आडोशाने आयतं जायचं म्हणजे मला कसंसंच होऊ लागलं, म्हणून मी रांगेतून फूटभर उजवीकडे सरकून आपला वारा आपण खात चालले. अंकल मागून ओरडले की आत ये. मी आले, आणि थोड्या वेळाने परत सरकले.

मंडाईला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्द झाडी आहे आणि तिथे चढ लागतो, असं मला आठवडाभर ऐकवलं होतं. चढ आला. नाशिकला याला उड्डाणपूल म्हणतात. माझे पाय शिवशिवले आणि मी चौघांना मागे टाकून सरळ वर गेले. वर पोहोचून मागे बघते तर कुणी नाही. झाडीत कुठलेसे पक्षी ओरडत होते आणि मी विजयी मुद्रेने एकटीच उभी. मग चौघं एका रांगेत, एकाच गतीने आले. अंकल बाटलीतलं पाणी प्यायले आणि शेवटी इथलं ते "लाह" जोडून म्हणाले, "टू लाँग इन फ्रंट, ऑल्सो सेल्फिश, लाह."

पुढे राहून इतरांना वारा लागू न देणं हे काम आहे, आणि काम झालं की मागे यायचं. पुढे जाऊन गडप होणं म्हणजे नुसतं आपलं दर्शन देणं, असं निखिलने मला मराठीत समजावलं. मी मनात म्हटलं, चढता येत नाही त्यांची ही तत्त्वज्ञानं. पण सेल्फिश हा शब्द काही केल्या जाईना.

पुंगोल

खाडीजवळ रोझलिनचं मागचं चाक बसलं. माधवीने सगळ्यांना कडेच्या गवतावर घेतलं, सायकल उलटी केली आणि टायर काढायला लागली. ती हे काम फार सावकाश करते. टायरच्या आत बोट फिरवून काच शोधते, ट्यूबला आधी थोडी हवा भरते, सगळं पुस्तकात असावं तसं. बाकीचे आरामात पाणी पीत होते. निखिलने माझे लाडू वाटले. उकाड्याने त्यांचा एकच मोठा गोळा झाला होता, पण अंकलनी चाखून सांगितलं की त्यांची आई असंच काहीतरी करायची.

मला बघवेना. "दे इकडे," म्हणत मी बसलेच. काच काढली, ट्यूब बदलली, टायर चढवला, खिशातला माझा पंप काढून हवाही भरली. पाच मिनिटांत चाक तयार. मी शाबासकीसाठी वर बघितलं. माधवी लाकडी मुठीचा पंप हातात घेऊन उभी होती. तिने तो सायकलीवरून सोडवून आणला होता आणि आता त्याचं करायचं काय ते तिला सुचत नव्हतं. ती वळली आणि तो पुन्हा बांधायला लागली. तिच्या मानेकडे बघून मला कळलं की ती डोळे पुसतेय.

अंकल माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांच्या मधून जे मला समजलं ते असं: पंप पूर्वी सगळ्यांकडे असायचे. मग ज्याला घाई असेल तो पुढे जायचा, ज्याचं चाक बसेल तो मागे राहायचा, आणि घरी पोहोचेपर्यंत गट उरायचाच नाही. म्हणून त्यांनी एक सोडून बाकीचे पंप घरी ठेवायला लावले. चाक कुणाचंही बसो, थांबावं सगळ्यांनाच लागतं. माझ्या पंपाकडे बोट दाखवून ते म्हणाले, चांगला आहे. तेवढंच.

आपल्याला वेडेपणा वाटतो तो दुसऱ्याचा पूर्ण विचार करून झालेला असतो, हे पन्नाशीत कळायला हवं होतं. मला लाज वाटली. पण माफी मागायची तर सगळ्यांसमोर मागावी लागली असती, आणि तेवढं मन माझ्याकडे त्या वेळी नव्हतं. मी पंप खिशात टाकला.

चांगी

चांगी व्हिलेजला नारळाच्या दुधात शिजवलेला भात खाल्ला. आपला नारळीभात साखर विसरून केला तर लागेल तसा, वर तळलेला मासा, शेंगदाणे आणि घाम फोडणारी लाल चटणी. इथवर सगळं बरं होतं. त्यानंतर चांगीचा समुद्राकाठचा रस्ता लागला. एका बाजूला विमानतळाचं कुंपण, डोक्यावरून उतरणारी विमानं, आणि रस्ता एवढा सरळ की त्याचा शेवट दिसत नाही. चढ नाही, वळण नाही, फक्त समोरून वारा. घाटात चढ संपतो, तिथे माथा असतो. हा वारा संपतच नव्हता. सकाळभर मी रांगेबाहेर राहून जो वारा खाल्ला होता त्याने आता आपला हिस्सा मागितला. पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि माझ्यापासून पुढचं चाक दहा फूट, वीस फूट, पन्नास फूट लांब गेलं. मागचे अंकल माझ्यासाठी थांबले. त्यांनी शीळ घातली आणि सगळी रांग थांबली.

मी झाडाला सायकल टेकवून बसले. आणि अगदी सहज, नाशिकला म्हणते तसं म्हणून गेले, "तुम्ही व्हा पुढे. माझं मी बघते. फार तर टॅक्सी करून येईन."

टॅक्सी हा शब्द बाहेर पडला आणि माझं मलाच ऐकू आलं. निखिल जमिनीकडे बघायला लागला. मागच्या वर्षी मागे पडलेल्या माणसानेही हेच केलं होतं. माधवीचा चेहरा उतरला नाही, मला वाटलं होतं तसा. तो घट्ट झाला. ती समोर येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात कधी बोलली नव्हती.

"टॅक्सी नाही. ताई, ऊठ. माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवायचं आणि फक्त ते चाक बघायचं. वारा माझा, खड्डे माझे, सिग्नल माझे. तू नुसते पाय फिरव."

मी खिशातला पंप काढून तिच्यापुढे धरला. चुकलं माझं, असंही म्हणाले, सगळ्यांसमोर. तिने पंप घेतला आणि आपल्या खिशात टाकला.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी मागे गेले. पहिला किलोमीटर भीतीने जीव मुठीत होता, कारण पुढचं काहीच दिसत नव्हतं. मग पाय हलके झाले. वारा कुठे गेला तेच कळेना. दिसत होती फक्त माधवीची पाठ. हेल्मेटखालून बाहेर आलेले तिचे केस बरेच पांढरे झालेत. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. शाळेत दप्तर नेहमी एकाच खांद्याला लावायची, त्याचाच हा राहिलेला बाक. हे मी आठवडाभराच्या मुक्कामात पाहिलं नव्हतं, आणि त्याआधी वीस वर्षांतही नव्हतं. मी दमले की तिला मागे न बघता कळत होतं आणि ती हळू होत होती. कसं कळत होतं ते मला त्या वेळी समजलं नाही.

ईस्ट कोस्टला समुद्र दिसला, मुलांच्या सायकली आणि भाजलेल्या मक्याचे वास आले. माधवीने एकदाही पुढची जागा सोडली नाही. नियमाने ती निखिलला द्यायला हवी होती, पण अंकलनी मागून काहीच म्हटलं नाही.

पुन्हा तोआ पायोह

दुपारी अंकलच्या इमारतीखाली उतरलो. बाकांवर म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. अंकलनी पाच पुढची चाकं मोजली, बोट लावून, जणू पाचाच्या जागी चार निघतील. मग हात पुढे केला. माधवीने लाकडी मुठीचा पंप सोडवून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोनदा हवेत दाबून पाहिला, मुठीवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि परत तिच्या हातात दिला.

"नेक्स्ट टाइम, तू," एवढंच मराठी त्यांना निखिलने शिकवलं होतं.

माधवी रडली, रोझलिन रडली, आणि मी तर चांगीपासून तयारीतच होते. माझा पंप माधवीने मला परत दिला. तो मी घरी गेल्यावर ईराला दिला, कारण नव्या हँडलची ती सायकल आता तिची होणार होती. गटात यायला लागलीस की हा घरी ठेवायचा, असंही सांगितलं. ती "ओके, लाह" म्हणाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी अकराव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ईरासाठी त्या जुन्या सायकलीला नवी पट्टी गुंडाळत बसलो होतो. मी एक टोक धरलं होतं आणि ती गुंडाळत होती, सावकाश, तिच्या पद्धतीने. मी तिला विचारलं की इतकी वर्षं माझ्या कॅरिअरवर बसायचीस, तिथून तुला दिसायचं तरी काय?

"तुझी वेणी," ती म्हणाली. "चढ आला की तू उभी राहून पायडल मारायचीस आणि ती डावी-उजवीकडे हलायची. दमलीस की हलायची थांबायची. मग मी खाली उतरून ढकलायचे. तुला वाटायचं चढ संपला."

माझ्या हातून पट्टीचं टोक सुटलं. तिने ते शांतपणे उचलून परत माझ्या हातात दिलं.